गारेच्या चक्कीतला वाटा

बुधराम ढिवराला मासे कळत, दगड कळत नसत. मला दगड कळत, निदान मी तसं समजत होतो, कारण करडीच्या शाळेत मी भूगोल शिकवत होतो आणि पगार त्याचाच मिळत होता. आमची गाठ पडली ती खडकांच्या धड्यामुळे.

चौऱ्याहत्तर साली माझी करडीला बदली झाली. पुस्तकातल्या धड्यात काळ्या बसाल्टचं कौतुक फार. आता आमच्या मोहाडी तालुक्यात बसाल्ट आणायचा कुठून? तो दिसायला नागपूरला सीताबर्डीच्या टेकडीपाशी जावं लागतं आणि खरा पसारा तिथून पुढे, पश्चिमेला. आमच्या पोरांनी दगड पाहायचे ते पुस्तकातल्या काळपट चित्रात. मला राग आला. राग मला लवकर येतो, आणि उपयोगाच्या वेळी तो काही कामाचा नसतो. मी वर्गात सांगितलं, ज्याला जो दगड सापडेल तो आणा. पोरांनी रस्त्यावरची खडी आणली. शेवटी कोणीतरी म्हणालं, नदीच्या डोहात बुड्या मारणारा बुधराम आहे, त्याला सांगा.

दोन दिवसांनी एक काळासावळा, रुंद छातीचा माणूस डोक्यावर टोपली घेऊन शाळेच्या पायरीशी आला. टोपली उपडी करून म्हणाला, "घ्या गुरुजी, तुमची भाजी. शिजवाले लाकडं जास्त लागतीन." वैनगंगेच्या तळातले गोटे, टेकडीचे तुकडे, तलावाच्या पाळीतली, म्हणजे बांधातली, ढेकळं, सगळं होतं त्यात.

तेव्हापासून रविवारी मी बुधरामच्या वस्तीवर, ढिवरटोलीच्या तलावावर जाऊन बसू लागलो. एकदा पाळीवर त्याचेच दगड मांडून मी त्याला तीन ढीग करून दाखवले. पहिला ढीग आगीचा. जमिनीच्या पोटात खोलवर दगड वितळून त्याचा रस झालेला असतो. तो वर येऊन झटकन निवला तर बारीक कणांचा काळा दगड होतो, आणि आतल्या आतच सावकाश निवला तर दाणे मोठे धरतात, तो ग्रॅनाइट. दुसरा ढीग पाण्याचा. नदी वाळू आणि गाळ आणून टाकते, त्यावर पुन्हा टाकते, खालचा थर वरच्याच्या ओझ्याखाली दबत दबत घट्ट होतो, आणि त्याचा दगड होतो. तिसऱ्या ढिगातला दगड आधी दुसराच काही असतो. तो जमिनीत खोल गाडला जातो, तिथे दाबला जातो, भाजला जातो आणि त्याची जातच पालटते. वाळूच्या दगडाचा गारेसारखा कठीण दगड होतो, चुनखडीचा संगमरवर होतो. आपल्या भंडारा जिल्ह्यातले बहुतेक डोंगर या तिसऱ्या ढिगातले.

बुधरामने एक काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा दगड उचलून पाण्याच्या ढिगात ठेवला. मी खेकसलो, "पट्टे दिसले का थर समजाचं नाही. हे पट्टे दाबानं पडले." त्याने तो मुकाट्याने तिसऱ्या ढिगात सरकवला. मग एक पांढराशुभ्र तुकडा दाखवून विचारलं, "अन् हा?"

"ती गार, गारगोटी म्हणतेत तीच. खडकाच्या फटीतून उकळतं पाणी जाते, त्यात विरघळलेली गार असते. पाणी निवलं का ती फटीत गोठते. तिच्याएवढं कठीण आपल्याकडं दुसरं काही नाही. पाऊस, ऊन, काही तिले खात नाही."

"मंग ही नदी आता गाळ टाकून राहिली, त्याचाबी दगड होईल?"

"होईल."

"कवा?"

"लाखो वर्षं लागतेत."

"मंग आपल्याले काय करायचं त्याचं?" असं म्हणून तो इतका हसला की त्याची बायको सखाबाई जाळं विणता विणता वळून पाहू लागली. मूलबाळ नव्हतं दोघांना. धाकटा भाऊ मंगरू त्यांच्याजवळच राहत असे.

आता ढिवरटोलीची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. तलावात मोठं जाळं ओढायचं तर अख्खी टोली लागते. प्रत्येक घराचा एक माणूस दोराला हात लावतो आणि त्या घराला माशांचा एक वाटा मिळतो. माणूस आजारी पडला तर त्याच्या घरचं कोणीतरी, भाऊ नाही तर बायको, त्याच्या जागी दोर धरतं. वाटा त्याच्याच नावाचा राहतो. घरचा हातच आला नाही तर वाटा पडतो, आणि पडलेला वाटा पुन्हा मिळायला टोलीपुढे नाक घासावं लागतं. माणूस मेला म्हणजे मात्र वाटा सरतो. दहाव्याच्या दिवशी त्याच्या दोराचं टोक कापून पाण्यात सोडतात, आणि मग घरातल्या दुसऱ्या पुरुषाने नव्याने वाटा मागायचा. आजारी माणसाची जागा राखायची ही रीत मला तेव्हा फार आवडली होती. वर्गात मी तिच्यावर भाषणसुद्धा ठोकलं.

पुढे दोनतीन वर्षांत तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाकडे गेला. त्याने आपली माणसं आणली, आपली जाळी आणली. टोलीचे लोक पाळीवर उभे राहून आपलाच तलाव ओढला जाताना पाहत होते. मंगरू जवाहरनगरला कारखान्यात काम मिळेल म्हणून फाटकापर्यंत जाऊन आला. तिथे मॅट्रिकचं विचारलं, हा चौथीत शाळा सोडलेला. नदी उरली होती, पण नदीवर एका टोलीचं वर्षभर भागत नाही.

त्याच सुमाराला जवळच्या टेकडीपाशी एकाने गार दळायची चक्की टाकली. टेकडीतली पांढरी गार फोडायची, चक्कीत घालून तिचं मैद्यासारखं पीठ करायचं, पोत्यांत भरायचं, की ट्रक येऊन काचेच्या कारखान्यांकडे घेऊन जाई. ढिवरटोलीतली सातआठ घरं तिथे लागली. संध्याकाळी बुधराम सायकलवरून यायचा तो भुवयांपासून पायापर्यंत पांढरा. मी चिडवायचो, "काय बुधराम, पोळ्या लाटून आला का?" तो म्हणायचा, "गुरुजी, तुमी सांगतली ती गार, जिले कोनी खात नाही. आमी खाऊन राहिलो." दोघंही हसायचो. चक्कीचा मालक रोज सगळ्यांना गुळाचा खडा द्यायचा. गुळाने धूळ गळ्यातून उतरून जाते, असं सगळे मानत. मीही मानत होतो.

चक्कीतल्या जागेलाही टोलीने वाटाच म्हणायला सुरुवात केली. एखादा आजारी पडला की त्याचा भाऊ किंवा बायको दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी हजर. मालकाला ही रीत कोणी समजावून सांगितली नव्हती, पण त्याला ती फुकटात मिळाली. त्याच्याकडे माणसांचा तोटा कधी पडला नाही.

एक्याऐंशीच्या आसपास बुधराम खोकू लागला. आधी सकाळी, मग सायकल चढावर आली की, मग बसल्या जागी. ज्याची बुडी संपायची वाट पाहून काठावरची माणसं घाबरायची, तो पाळीवर चढताना दोनदा थांबू लागला. एका डॉक्टरने क्षय सांगितला. खोकला, उतरलेलं वजन, छातीत डाग, एवढं क्षयाला पुरतं. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. थोडं बरं वाटलं की बुधराम चक्कीत जाई, पुन्हा पडे. पडला की सखाबाई त्याच्या जागी जाई. मग मंगरूही चक्कीतल्याच दुसऱ्या एका जागी लागला. औषध चालू होतं आणि माणूस वाळत होता.

शेवटी मीच त्याला नागपूरला घेऊन गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "काम काय करता?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी डॉक्टरने विचारला नव्हता, आणि मीही आपण होऊन कोणाला सांगितलं नव्हतं. बुधरामने सांगितलं. डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. ते म्हणाले, हा क्षय नाही, किंवा असला तरी वरवरचा. गारेची डोळ्याला न दिसणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसली आहे. शरीराला ती विरघळवता येत नाही, बाहेर टाकता येत नाही. तिच्याभोवती गाठी होतात आणि फुप्फुस कडक होत जातं. धूळ बंद केली तरी आतलं थांबेलच असं नाही. औषध नाही. जो कोणी तिथे काम करतो त्याला हे होऊ शकतं.

परतीच्या एस.टी.त भंडारा मागे पडल्यावर बुधराम माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "गुरुजी, पान्यात गाळ बसते तसाच बसला ना हा?"

"हो."

"तुमी लाखो वरसं म्हनत होते. माह्यात तं सातआठ वरसातच झाला."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या होत्या, बाया रोवणी करत होत्या. त्याने माझा हात धरला. "माहं झालं ते झालं. ती मागच्या पावसाळ्यापासून माह्या जागेवर जाऊन राहिली. तिले तिथून काढा गुरुजी. मले दुसरं काही नोको."

आम्ही घरी पोचलो तेव्हा सखाबाई चक्कीतून आलेली होती. मोरीत हात धूत होती. कोपरापर्यंत हात तांबूस झाले, वर सगळी पांढरी. बुधराम तिच्याकडे पाहत दारातच बसून राहिला.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. अगदी शाळेत सांगतो तसं, दगड, धूळ, फुप्फुस. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुरुजी, धानाचा कोंडा आमी लहानपनापासून खाऊन राहिलो. त्यानं कोनी मेलं का? आमी गूळ खातो. अन् यायच्या कागदावर क्षय लिवला आहे. क्षय बरा होते. बरा झाला अन् वाटा पडलेला राह्यला, तं काय सांगू मी यायले?"

"अवं, बरा नाही होत हा!" मी ओरडलो.

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "असं मानसासमोर बोलू नये गुरुजी." मला माझीच लाज वाटली. बुधराम आतल्या खाटेवर होता आणि त्याला सगळं ऐकू जात होतं.

त्यानेही सांगून पाहिलं. जाऊ नको म्हणाला, शिव्या दिल्या, एकदा तिची सायकल पंक्चर करून ठेवली. ती पायी गेली. तिचं म्हणणं एकच, तुम्ही उठेपर्यंत हात लावून ठेवते. ज्या रीतीने टोली इतकी वर्षं जगली तीच सखाबाई पाळत होती. मंगरूला मी बाजूला घेऊन सांगितलं तर तो म्हणाला, "गुरुजी, मीबी तिथंच आहो. मी कोन्या तोंडानं वयनीले मना करू?"

मग मी मालकाकडे गेलो. मोठा गोड माणूस. चहा दिला, खुर्ची दिली, बुधरामची चौकशी केली. म्हणाला, "मी कोणाला बोलवायला जात नाही, मास्तर. ती बाई आपल्या पायांनी येते. नको म्हटलं तर रडते. तुम्हीच सांगा, हाकलून देऊ?" खरं होतं ते. म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी धुळीचं बोललो, पाणी मारा, तोंडाला बांधायला काही द्या. त्याने प्रत्येकाला एकेक पंचा दिला. त्या पंच्यातून पीठ चाळलं जावं तशी धूळ आत जायची.

भंडाऱ्याला एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, किती माणसं कामाला? मी म्हटलं, कागदावर नऊ. मग तो कारखाना होत नाही, ते म्हणाले, दहा लागतात. मी म्हटलं, साहेब, नऊ माणसांच्या छातीत धूळ शिरत नाही का? त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या हातात जेवढं होतं तेवढं त्याने सांगितलं, आणि ते काहीच नव्हतं.

शाळेत पाणी भरायचं काम सखाबाईला मिळेल का, म्हणून हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, नेमणूक वरून होते. वर विचारलं तर जागाच मंजूर नव्हती. असा मी वर्षभर जोडे झिजवत फिरलो. बुधराम प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे पाही आणि काय झालं ते विचारायच्या आत त्याला कळे. पुढे पुढे मीच त्याच्या घरी जायचं टाळू लागलो. काय घेऊन जाऊ?

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याने मंगरूला पाठवून मला बोलावलं. दुपारची वेळ होती, सखाबाई चक्कीत गेलेली. तो उशीला टेकून बसला होता, कारण आडवं पडलं की श्वास पुरत नसे. दोन शब्द बोलायचे आणि थांबायचं, असं त्याचं बोलणं झालं होतं. पण चेहरा मात्र बऱ्याच दिवसांनी हलका दिसला.

"गुरुजी, मले एक सुचलं," तो म्हणाला. "मानूस मेला... का वाटा सरते. दोर कापतेत. मंग ती... कोनाच्या नावानं जाईल?" तो हसला. "माहा वाटाच नाही राहनार. म्हंजे ती सुटली."

मी म्हटलं, "काही बोलू नको. औषध घेतलं का?"

"आता दवा कायले? तुमचं सगळं करून झालं. हे एक... माह्या हातात आहे." मग बराच वेळ दम खाऊन म्हणाला, "लवकर झालं तं बरं. तिले खोकला... अजून लागला नाही."

एका माणसाला आपल्या मरणाशिवाय बायकोला वाचवायचा दुसरा उपाय राहू नये! मी बाहेर येऊन पाळीवर बसलो आणि रडलो. कोणावर रागवायचं तेही मला सुचत नव्हतं.

पावसाळा लागायच्या आधी बुधराम गेला. सकाळी, खाटेवर बसल्या बसल्या. सखाबाईने त्या दिवशी चक्कीत जायला सायकल बाहेर काढली होती, ती तशीच अंगणात पडून राहिली.

दहाव्याला अख्खी टोली तलावावर जमली. तलाव दुसऱ्याचा असला तरी रीत कोणी मोडली नव्हती. टोलीतल्या वडीलधाऱ्या गोमाजीने बुधरामचा जुना दोर आणला, टोक कापलं आणि पाण्यात सोडलं. "बुधरामचा वाटा सरला," तो मोठ्याने म्हणाला. सगळ्यांनी तलावाला हात जोडले. सखाबाई बायकांमध्ये खाली मान घालून उभी होती. माझ्या मनात दुःख होतं, पण त्याच्याखाली एक सुटकाही होती, ती मी लपवत नाही. मला वाटलं, जिंकला गडी. मी वर्षभर फिरून जे करू शकलो नाही ते त्याने केलं.

पंधराएक दिवसांनी शुक्रवारी सकाळी मी बाजारासाठी मोहाडीला निघालो होतो. टेकडीच्या रस्त्यावर पुढे एक बाई पायी चाललेली दिसली. डोक्याला पंचा बांधलेला, हातात डबा. जवळ गेलो तर सखाबाई. मी सायकलवरून उतरलो.

"कुठं चालली बाई?"

"चक्कीत."

"काहून? दोर कापला ना? वाटा सरला ना त्याचा?"

"त्यायचा सरला," ती म्हणाली. "मी मालकाले जाऊन माहं नाव सांगतलं. आता माहा लागला."

मी म्हटलं, "सखाबाई, तो कायले मेला ठाऊक आहे का तुले? तू सुटावी म्हनून वाट पाहत होता तो."

"ठाऊक आहे. मले बोलला होता." ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, मागून येणाऱ्या बैलगाडीला तिने जाऊ दिलं. "गुरुजी, तलावात नवरा मेलेल्या बाईले वाटा नसते. दोर धरला तं नवऱ्याच्या नावानं, पोराच्या नावानं. मले पोर नाही. मंगरूचं लगन झालं का त्याची बायको येईल, मंग त्या घरात मी कोन? इथं मालकानं माहं नाव विचारलं. सखाबाई बुधराम म्हनून नाही, सखाबाई म्हनून. जलमात पयल्यांदा माह्या नावाचा वाटा लागला."

"पण मरशील ना बाई."

"मरन." ती चिडली नाही, रडली नाही. माझ्याकडे सरळ पाहत होती. "तुमच्यापाशी दुसरा वाटा आहे का? असला तं सांगा. मी इथूनच घरी वापस जाते."

माझ्यापाशी नव्हता. मी सायकलचा दांडा धरून उभा राहिलो. तिने थोडा वेळ खरंच वाट पाहिली, आणि मग ती चालायला लागली.